एका स्लाइडपुरता रंग

प्रस्तावना

ही पुस्तिका ज्या कामाबद्दल आहे ते काम अर्ध्या मिनिटाचे आहे. लेटेकमध्ये बीमर वापरून चाळीसेक स्लाइडचे सादरीकरण तयार झाले आहे. त्यातल्या एकाच स्लाइडची पार्श्वभूमी पांढरी न ठेवता गडद निळी करायची आहे. त्या स्लाइडच्या आधी महिरपी कंस उघडायचा, पार्श्वभूमीच्या कॅनव्हासला रंग सांगणारी एक ओळ लिहायची, मग स्लाइड लिहायची आणि कंस मिटायचा. झाले. एवढ्यासाठी पुस्तिका कशाला, आणि पुस्तिकेला वर प्रस्तावना कशाला, असे कोणी विचारले तर त्याचे काही चुकले नाही. पण रंग कसा बदलायचा हा प्रश्नाचा सोपा भाग आहे. कोणत्या स्लाइडचा बदलायचा, आणि बदलल्यावर तिच्यावरची अक्षरे, आकृत्या, ठिपके, तळपट्टी यांची काय गत होते, हे बहुतेकांना परीक्षकांसमोर उभे राहिल्यावर कळते. तोवर वेळ गेलेली असते.

पुस्तिका चंदनसारची आहे. विरार स्टेशनच्या पूर्वेकडून महामार्गावरच्या विरार फाट्याकडे जाणारा रस्ता ज्या वस्तीतून जातो, ते हे चंदनसार. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका झाली, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला, आणि जागचे न हलता इथल्या माणसाच्या पत्त्यातल्या ओळी बदलत गेल्या. इथली मुले सकाळची लोकल पकडून अंधेरी-दादरच्या कॉलेजांत जातात, नाहीतर वसई-विरारमध्येच इंजिनीअरिंग किंवा बीएस्सी करतात. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला प्रोजेक्टचे प्रेझेंटेशन असते. समीकरणे जास्त असली की सर सांगतात, लेटेकमध्ये करा. आयआयटी मुंबईत कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लेटेकचे धडे त्यांतल्या काहींनी पाहिलेले असतात. त्या प्रकल्पाचे धडे मराठीतूनही आहेत, आणि बीमरशी पहिली ओळख अनेकांची तिथेच होते. त्या ओळखीच्या पुढचे एक पाऊल म्हणजे ही पुस्तिका. वाचक कोण, हे लिहिणाऱ्यांनी पक्के ठरवले होते: असे विद्यार्थी, आणि शाळा-ज्युनियर कॉलेजात गणित-विज्ञान शिकवणारे शिक्षक.

त्यांची सादरीकरणे ज्या खोलीत होतात ती खोली मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात दिसत नाही. खिडक्यांना पडदे नसतात. परीक्षकांना गुण लिहायचे असतात म्हणून ट्यूबलाइट चालूच राहते. पडद्याच्या जागी फिकट पिवळी भिंत असते, किंवा मार्करचा बोर्ड असतो आणि त्यावर दिव्याचा झगझगीत ठिपका पडतो. प्रोजेक्टरने बऱ्यापैकी वर्षे पाहिलेली असतात. लॅपटॉपवर मखमलीसारखा दिसणारा गडद निळा या खोलीत धुतलेल्या गणवेशासारखा दिसतो.

यामागचे भौतिकशास्त्र सोपे आहे. प्रोजेक्टर भिंतीवर प्रकाश टाकतो. असलेला प्रकाश तो काढून घेऊ शकत नाही. म्हणून काळा रंग त्याच्याकडे नसतोच. ज्या जागी काळे दाखवायचे तिथे तो काही टाकत नाही, आणि ती जागा भिंत त्या क्षणी जेवढी उजळ असेल तेवढीच उजळ राहते. अंधाऱ्या सभागृहात ती काळी वाटते, ट्यूबलाइटखाली ती राखाडी असते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे असतील तर सगळी भिंत उजळते आणि अक्षरापुरता प्रकाश थांबतो. उलट केले तर फक्त अक्षरांच्या बारीक रेघांतून प्रकाश येतो आणि खोलीतला उजेड त्यांच्याशी झटापट करतो. बीमरच्या कर्त्याने, टिल टांटाऊने, आपल्या मार्गदर्शिकेत हा इशारा दिलेलाच आहे: उजेड असलेल्या जागी गडद पार्श्वभूमी जपून वापरा, आणि एका रंगातून दुसऱ्यात विरघळत जाणाऱ्या छटांनी वाचणे अवघड होते, माहितीत भर काही पडत नाही. मार्गदर्शिकेची ती पाने फार कमी लोक उघडतात. लोक आज्ञा शोधायला येतात आणि आज्ञा मिळाली की निघून जातात.

भिंतीवर प्रकाशाने चित्र काढायचे आणि त्या चित्राभोवती काय ठेवायचे, हा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. वसई आणि कल्याण तेव्हा एकाच ठाणे जिल्ह्यात होते. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, त्यामागे दिवा, आणि चित्रांच्या जोडीने चाललेले पुराणकथांचे निवेदन, असा तो खेळ. जादूच्या कंदिलाच्या काचांचे तंत्र असे की आकृती रंगवायची आणि तिच्याभोवतीची काच काळ्या रंगाने बुजवून टाकायची. प्रकाश आकृतीतूनच जातो, चौकट दिसत नाही, आणि पडद्यावर देवता किंवा राजा एकटाच उभा असल्यासारखा भासतो. पाठीमागे महाल दाखवायचा तर त्याची काच वेगळी आणि कंदीलही वेगळा. पार्श्वभूमी आणि आशय हे दोन थर आहेत, ते स्वतंत्रपणे हलवता येतात, ही समज त्या काचांमध्ये पुरेपूर आहे. आणि तो खेळ अंधारात होत असे, ही बाब विसरू नये. काळी पार्श्वभूमी त्यांना परवडली ती त्यामुळे.

थरांची हीच समज बीमरच्या पोटात आहे. पण तिथवर येण्याआधी मधला एक टप्पा सांगायला हवा. डोनाल्ड कनूथ यांच्या हाती १९७७ साली आपल्याच ग्रंथाची नव्या पद्धतीने जुळवलेली मुद्रिते आली. ती पाहून ते इतके अस्वस्थ झाले की अक्षरजुळणीची व्यवस्था स्वतःच लिहायला बसले. त्यातून टेक आले. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात लेटेक उभे केले. पारदर्शिका बनवण्यासाठी लॅम्पोर्टनी स्लायटेक नावाची सोय दिली होती, आणि तिच्यात रंगाचा अर्थच निराळा होता. प्रत्येक रंगासाठी वेगळा कागद छापायचा. लाल मजकूर एका कागदावर, निळा दुसऱ्यावर, बाकीच्यांच्या जागा कोऱ्या. मग ते रंगीत पारदर्शिकांवर उतरवून एकावर एक ठेवायचे. त्या काळी एका पानाचा रंग बदलणे म्हणजे कागदांची एक थप्पी वाढवणे होते, त्यामुळे कोणी उगाच बदलत नसे. टांटाऊने २००३ साली स्वतःच्या पीएचडीच्या सादरीकरणासाठी बीमर लिहिले, मग सहकाऱ्यांच्या आग्रहावरून ते सगळ्यांना खुले केले. रंग त्यानंतर फुकट झाला. पुढच्या सगळ्या भानगडी त्या फुकटपणातून निघाल्या आहेत.

बीमरमध्ये स्लाइडच्या तळाशी कॅनव्हास असतो. त्यावर दुसरा पार्श्वभूमीचा थर असतो, जाळी किंवा नक्षी हवी असेल तर ती तिथे. त्याच्यावर शीर्षक, मजकूर, तळपट्टी. आपण रंग बदलतो तो सर्वांत खालच्या कॅनव्हासचा. आता नवशिक्या हमखास जिथे अडतो ती जागा पाहू. त्याला स्लाइड निळी हवी असते, म्हणून तो रंगाची ओळ स्लाइडच्या आत, मजकुराच्या डोक्यावर लिहितो. काहीच होत नाही. चूक दाखवणारा संदेश नाही, आणि निळाही नाही. कारण असे: बीमरमध्ये स्लाइड ज्या चौकटीत लिहितात ती म्हणजे फ्रेम, आणि बीमर फ्रेमच्या आतला सगळा मजकूर आधी एका पेटीत गोळा करते. आत दिलेल्या सूचना त्या पेटीच्या हद्दीत लागू होतात आणि पेटी बंद झाली की संपतात. कॅनव्हास अंथरला जातो तो पान पूर्ण होऊन बाहेर पडताना, पेटीच्या बाहेर. तिथपर्यंत आतली सूचना पोचतच नाही. म्हणून ओळ फ्रेमच्या आधी हवी, आणि तिचा अंमल फ्रेम संपेपर्यंत टिकायला हवा.

ओळ बाहेर आली की दुसरे संकट उभे राहते. कंस घातले नाहीत तर रंग सांडतो: तिथून पुढच्या सगळ्या स्लाइड निळ्या. कंस उघडला आणि मिटायचा राहिला तरी तेच, आणि तक्रार म्हणून लॉगच्या शेवटी एक बारीक ओळ येते, ती कोणी वाचत नाही. महिरपी कंस ही टेकची जुनी, मूळची सोय आहे. आत जे बदलले ते बाहेर पडताना पूर्ववत होते. लिहिणाऱ्यांनी या कंसांवर एक अख्खे प्रकरण खर्च केले आहे आणि मला ते योग्य वाटते. पॉवरपॉइंटमध्ये एका स्लाइडची पार्श्वभूमी बदलताना ‘सगळ्यांना लागू करा’ हे बटण शेजारीच असते. चुकून दाबले की पुसत बसा. टेकमध्ये हद्द आपल्याला स्वतःच आखावी लागते. ज्याला ती आखण्याची सवय लागली तो रंगच काय, अक्षराचा आकार आणि ओळींमधले अंतरसुद्धा नेमक्या जागी बदलू लागतो.

एक फ्रेम म्हणजे एक स्लाइड नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. मुद्दे एकेक करून उघडले तर एका फ्रेममधून चार-पाच स्लाइड निघतात, आणि वर सांगितलेल्या पद्धतीने त्या सगळ्या निळ्या होतात. तिसऱ्या मुद्द्याला रंग बदलायचा असेल तर तो मुद्दा वेगळ्या फ्रेममध्ये काढणे हा सर्वांत कमी डोकेदुखीचा मार्ग. चलाख मार्ग आहेत, पुस्तिकेच्या शेवटी आहेत, पहिल्या वाचनात ते सोडावेत.

कॅनव्हास निळा झाला. आता वरचे बघा. मजकूर अजून काळाच आहे, कारण पार्श्वभूमी बदलली म्हणून अक्षरे आपसूक बदलत नाहीत. ती पांढरी करायची तर साध्या मजकुराचा रंग जाहीर करावा लागतो आणि शिवाय तो वापरायला घ्या असेही सांगावे लागते. मजकूर पांढरा झाला तरी मुद्द्यांपुढचे ठिपके आणि स्लाइडचे शीर्षक मूळच्या निळ्यातच राहतात, म्हणजे निळ्यावर निळे, म्हणजे गायब. तळपट्टीला स्वतःची पार्श्वभूमी असेल तर ती जुन्याच रंगात खाली चिकटून राहते. कॉलेजचे बोधचिन्ह जेपीजी फाइलमध्ये असेल तर त्याच्याभोवती पांढरा चौकोन उगवतो. आलेखाच्या काळ्या रेषा बुडतात. एका ओळीच्या बदलाने अशी रांग लागते. बीमरच्या तयार रंगयोजनांना पक्ष्यांची, कीटकांची, फुलांची, जलचरांची नावे आहेत, आणि मांडणीच्या योजनांना शहरांची: बर्लिन, माद्रिद, वॉर्सा, सिंगापूर. त्या यादीत विरार सोडाच, मुंबईही नाही. या योजनांमध्ये ही सगळी नाती कोणीतरी आधीच जुळवून ठेवलेली असतात. आपण एका स्लाइडपुरते बंड केले की ती जुळवाजुळव आपल्यावर येते.

मग कोणता रंग? इथे डोळ्यांवर विसंबू नये, मोजावे. पडद्यावरच्या मजकुरासाठी जगभर मानले जाणारे एक गुणोत्तर आहे: अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक. सर्वाधिक २१ : १, तो काळ्या-पांढऱ्याचा. साध्या मजकुराला किमान ४.५ : १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ : १ चालतो. निव्वळ निळ्यावर पांढरे सुमारे ८.६ भरते, उत्तम. निव्वळ लालवर पांढरे जेमतेम ४, म्हणजे शीर्षकाला चालेल, परिच्छेदाला नाही. आणि लेटेकमध्ये नुसते ‘ग्रीन’ लिहिले की जो पोपटी-हिरवा येतो त्यावर पांढरे १.४ सुद्धा भरत नाही. हळदीच्या रंगाजवळच्या पिवळ्यावर पांढरी अक्षरे घातली तर सव्वादोनच्या आसपास, काळी घातली तर नऊच्या वर. हे आकडे चांगल्या पडद्यावरचे. आपल्या ट्यूबलाइटच्या खोलीत त्यातला बराच भाग आधीच गेलेला असतो, तेव्हा ४.५ वर समाधान मानू नये, सातच्या पुढे राहावे.

सात म्हटले की पालघर जिल्ह्यात राहणाऱ्याला एक गोष्ट आठवायला हवी. वारली चित्रात कुडाच्या भिंतीवर शेण-मातीचा, गेरूचा हात फिरवतात आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्याने चित्र काढतात. गेरूजवळचा गडद तपकिरी संगणकात घेऊन पांढऱ्याशी मोजला तर सुमारे ७ : १ येतो. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, हे चित्र भिंतीवरून कागद-कापडावर नेले, तेव्हाही पार्श्वभूमीचा हा करार फारसा मोडला नाही. लग्नातल्या देवचौकात तर चौकटही आखलेली असते. देवता चौकाच्या आत, बाकीचे जग बाहेर. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर गेरू रंग आहे तो यावरून घेतला असावा, असा माझा समज. आत मात्र त्याची उदाहरणे दोनच आहेत, आणखी असायला हरकत नव्हती.

देवनागरीचा प्रश्न वेगळा सांगायला हवा, कारण बीमरवरची बहुतेक पुस्तके रोमन अक्षरे गृहीत धरून लिहिलेली आहेत. गडद पार्श्वभूमीवर उजळ अक्षरे असली की प्रकाश किंचित पसरतो. रोमन ‘ओ’ला त्याने फारसा फरक पडत नाही. पण आपल्या ‘क्ष’मधली, ‘द्ध’मधली पोकळी आधीच चिमूटभर असते, ती भरून जाते. उलट रफार आणि अनुस्वार लहान असल्याने फिकट पडतात, आणि शिरोरेषा तेवढी ठसठशीत उरते. म्हणून गडद स्लाइडवर मराठी मजकूर एक पायरी मोठा ठेवावा आणि ओळींत अंतर सोडावे. फॉन्टचीही गंमत आहे. बीमर मुळातच फटकारे नसलेल्या, साध्या वळणाच्या अक्षरकुळात मजकूर मांडते. आपण मराठीसाठी फक्त मुख्य फॉन्ट सांगितला आणि हे कुळ सांगायचे राहिले, तर स्लाइडवर अक्षरांऐवजी कोरी जागा किंवा चौकोन दिसतात, आणि मुलांना वाटते की रंगाच्याच ओळीने काहीतरी बिघडवले. फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ साली देवनागरीसाठी टेकची सोय केली तेव्हा मजकूर रोमनमध्ये टाइप करून आधी एका दुसऱ्या प्रोग्रॅममधून काढावा लागे. २००४ नंतर जोनाथन क्यू यांच्या झीटेकमुळे युनिकोडमधले मराठी थेट लिहिता येऊ लागले. आयआयटी मुंबईतून आलेला शोभिका हा फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे आणि त्यात जोडाक्षरांची श्रीमंती मोठी आहे. छापील पानावर तो देखणा दिसतो. निळ्या स्लाइडवर मी त्याचा ठळक अवतारच वापरेन.

आता मूळ प्रश्न, कोणती स्लाइड. पुस्तिकेत बरीच उदाहरणे आहेत, मला त्यांतली तीन खरी वाटतात. पहिले, जिथे चित्राला स्वतःचीच पार्श्वभूमी असते. एक्स-रे, रात्रीचे आकाश, सूक्ष्मदर्शकातले काळ्यावर चमकणारे जिवाणू. असे चित्र पांढऱ्या स्लाइडवर ठेवले की भोवतीचा पांढरा डोळ्यांत घुसतो आणि चित्रातले बारीक दिसत नाही. कॅनव्हास चित्राच्या कडेइतकाच काळा केला की कड नाहीशी होते. दुसरे, व्याख्यानाचा भाग संपून दुसरा सुरू होतो तिथे, एकच ओळ असलेली रंगीत स्लाइड. ऐकणाऱ्यांपैकी ज्याचे लक्ष मोबाइलकडे गेले आहे त्यालाही डोळ्याच्या कोपऱ्यातून कळते की काहीतरी बदलले. तिसरे उदाहरण मला सर्वांत आवडले: ‘धन्यवाद’नंतर ठेवलेल्या, परीक्षकांनी विचारले तरच दाखवायच्या स्लाइड. त्यांना फिकट राखाडी पार्श्वभूमी दिली की बोलणाऱ्यालाच समजते, आपण आता राखीव साठ्यात आहोत, इथून पुढे सरकायचे नाही. रंग श्रोत्यांसाठी असतो असे आपण धरून चालतो. इथे तो वक्त्याच्या सोयीचा आहे.

चुकीची सिद्धता दाखवताना फिकट लाल आणि बरोबर दाखवताना फिकट हिरवा, हे चौथे उदाहरण मला पटलेले नाही. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना नीट दिसत नाही असा एखादा तरी माणूस वर्गात असतो. शिवाय दहा टक्के लाल आणि नव्वद टक्के पांढरा असे मिश्रण लॅपटॉपवर गुलाबी दिसते, जुन्या प्रोजेक्टरवर ते पांढरेच. वीस-पंचवीस टक्क्यांखाली जाऊ नये, आणि ‘चूक’ हा शब्द स्लाइडवर लिहावाच.

चाळीस स्लाइडमध्ये वेगळ्या पार्श्वभूमीच्या किती, असे मला कोणी विचारले तर मी तीन-चार सांगेन. चंदनसार नाक्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. प्रत्येकात इंद्रधनुष्याच्या सगळ्या छटा, सोनेरी कड, वर किरणे. दहा फ्लेक्स शेजारी लागले की वाढदिवस कोणाचा ते शेवटपर्यंत कळत नाही. दर स्लाइडला नवा रंग देणाऱ्या विद्यार्थ्याला त्या नाक्यावर पाच मिनिटे उभे करावे.

राहिली छपाई. परीक्षक छापील प्रत मागतात, आणि झेरॉक्सच्या दुकानात काळ्या-निळ्या स्लाइडचे पान म्हणजे शाईत बुडवलेला कागद. दुकानदार कुरकुरतो आणि पांढरी अक्षरे भरून जातात. बीमरमध्ये हातात द्यायच्या प्रतीचा पर्याय वेगळा आहे. रंगाची ओळ फक्त पडद्यावरच्या आवृत्तीला लागू होईल अशी बांधता येते, मग त्याच फाइलमधून भिंतीवर निळी आणि कागदावर पांढरी स्लाइड निघते. पुस्तिकेत हे शेवटच्या प्रकरणात आले आहे. मी असतो तर दुसऱ्यात घेतले असते, कारण सादरीकरणाच्या आदल्या रात्री दुकान बंद व्हायच्या आत जे लागते ते हेच. वाचकांनी ते आधी वाचावे, आणि सोबतच्या फाइलमधली पहिली तीन उदाहरणे आपल्या वर्गातल्या भिंतीवर, ट्यूबलाइट न विझवता, सर्वांत मागच्या बाकावरून पाहावीत.